आपा, एक धवळा राहिलाय

आपा, तुमचा तांदळाचा डबा आता माझ्या ओट्याखाली आहे. परवा तुमचे इस्माईलभाई स्वतः घेऊन आले. लिफ्ट बंद होती, जिन्याने त्यांना धाप लागली, दारातल्या खुर्चीवरच बसले आणि म्हणाले, "वैजू, तांदूळ शिजव. तळाला जे आहे ते मात्र शिजवू नकोस." आणि हसले. तुम्हाला जाऊन महिना होत आला, त्यात पहिल्यांदा हसले. मग घाईघाईने चष्मा पुसायला लागले.

तळाला काय आहे ते मला ठाऊक होतं. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आत मलमलचं फडकं, फडक्यात आपली लग्नगीतांची मास्टर कॅसेट. जिच्यावरून बाकीच्या सगळ्या निघाल्या ती पहिली, मूळ. दुबईच्या उन्हाळ्यात कॅसेट कुठे ठेवायची यावरून तुम्हा दोघांचं केवढं भांडण व्हायचं! इस्माईलभाई म्हणायचे फ्रिजमध्ये. तुम्ही म्हणायचात, "फ्रिजात घाम फुटतो तिला. तांदळात ना ऊन ना ओल. माझ्या आईने सोनं तांदळात ठेवलं, मी आवाज ठेवते."

आणि आपा, शेठचा फोन आला होता. हो, तेच. दुबईच्या देरा बाजारातले कॅसेट कंपनीवाले. "जैनबबहन गुजर गयीं, सुना. बहुत अफसोस हुआ." एवढं बोलून लगेच म्हणाले, "वो मास्टर अब किसके पास है?" आता त्यांना सीडी काढायची आहे. आधीपेक्षा जास्त देतो म्हणाले. दिरहम सांगितले, मी फोन कानाला लावूनच त्याचे रुपये केले, दोनदा. म्हटलं, गुरुवारपर्यंत सांगते.

तुमच्याशी बोलल्याशिवाय मी आजवर कुठलाच निर्णय घेतलेला नाही. म्हणून लिहायला बसले. नववीत शाळा सोडलेली बाई मी, कागद पुढे घेतला की ऱ्हस्व-दीर्घाची भीती आधी येते, विचार नंतर. श्रुती म्हणाली, "मम्मी, जस्ट राइट लाइक यू टॉक." मुलगी माझी, पण सल्ला तुमच्यासारखा देते.

तुम्हाला नेलं तेव्हा मी खिडकीत उभी होते. कब्रस्तान आपल्या अल कुसैसमध्येच, तरी बायका जात नाहीत म्हणून इथूनच हात जोडले. मग वाटलं, हात जोडलेले तुम्हाला चालतील ना? आणि लगेच तुमचा आवाज आला, "चालतील गो, पण आधी गॅस बंद केलास का बघ." गॅस खरंच चालू होता.

मी अशीच. आधी भीती, मग बाकी सगळं. लग्न होऊन पेणजवळच्या खेड्यातून थेट इथे चौथ्या मजल्यावर आले तेव्हा बेल वाजली तरी दचकायचे. नरेश सकाळी वेअरहाउसला जायचे ते संध्याकाळी यायचे. दिवसभर मी, एसीची घरघर आणि बंद दार. त्या दारावर पहिली थाप तुमची. "बाय, तुझ्याकडे जुनी पेन्सिल आहे? सहा कोनांचीच पायजे, गोल नको." मी दार किलकिलं करून पेन्सिल दिली. तुम्ही म्हणालात, "नुसती पेन्सिल काय देतेस, तू पण ये."

तुमचं काम म्हणजे उन्हाने मारलेल्या कॅसेटी जिवंत करणं. लोक गाडीच्या डॅशबोर्डवर कॅसेट टाकून दिवसभर कामाला जायचे, संध्याकाळी लावतात तर गाणारा रडतोय. इस्माईलभाई देऱ्यातल्या आपल्या कॅसेटच्या दुकानातून अशा पिशवीभर आणायचे आणि तुम्ही जेवणाच्या टेबलावर त्यांचा दवाखाना मांडायचात. तुटलेली फीत जोडायची, रीळ नव्या डबीत बसवायची. फीत फारच ताणली गेली असेल तर तुमचा शेवटचा इलाज. डेकच्या मोटरला मागून एक बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून वेग जरा वाढवायचा आणि सुधारलेल्या आवाजात नवी कॉपी काढायची. मी पेन्सिलीने रीळ गुंडाळायचे. ते काम करताना पहिल्यांदा मला वाटलं की या देशात माझंही काही काम आहे.

त्या करड्या कॅसेटची आठवण काढली की तुम्ही दुपट्टा तोंडावर घ्यायचात. मी मात्र काढणारच.

कव्हर नाही, वर मार्करने दोन अक्षरं लिहिलेली. फक्त टोकाला फीत तुटली होती, पाच मिनिटांचं काम. जोडून लावून बघितली तर आतला माणूस झोपेचं औषध घेतलेल्या पैलवानासारखा बोलत होता. ढोल असा पडायचा की एक पडल्यावर दुसरा पडेपर्यंत माणूस चहा पिऊन येईल.

"अल्ला! हा तर पुरता वितळलाय," तुम्ही म्हणालात.

मग काय, पेचकस. सगळी दुपार तुम्ही त्या पैलवानाला जागं करत होतात. शेवटी तो असा भराभर बोलायला लागला की आपण दोघींनी टाळ्या वाजवल्या. नवी कॉपी काढली. जुनी फीत, वाया गेलेली म्हणून, कचऱ्यात.

शुक्रवारी आपण दुकानात होतो तेव्हा त्या कॅसेटचा मालक आला. मार्कस. दारात उभा राहिला तर उजेड कमी झाला, एवढा उंच. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा, काळा, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला. काही आठवडे पाण्यात, काही आठवडे जमिनीवर. त्याने तिथेच वॉकमनमध्ये कॅसेट घातली आणि त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"हू डिड धिस?"

इस्माईलभाईंची छाती फुगली. "माय वाइफ! फुल फिक्स! नो एक्स्ट्रा चार्ज!"

"मॅन," तो म्हणाला, "देअर वॉज नथिंग टु फिक्स."

मला वाटलं आता पोलीस येणार. मी तुमच्या मागे सरकले. पण तो हसायला लागला, काउंटरवर दोन्ही हात टेकून. आणि हसता हसता त्याने जुनी फीत मागितली, तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. त्या कॅसेटमध्ये त्याचा एक मित्र मध्येच त्याचं नाव घेऊन सलाम करत होता. मित्राने खास त्याच्यासाठी बनवलेली, दुसरी प्रत नाही.

तुम्ही इस्माईलभाईंना म्हणालात, "त्याला विचारा, मुद्दाम हळू करतात? चांगलं गाणं मुद्दाम बिघडवतात?"

त्याने काय काय सांगितलं आणि इस्माईलभाईंनी आपल्याला त्याचं कोकणी केलं. बिघडवत नाहीत. त्यांच्या गावातही असाच उकाडा, असाच चिकट घाम. तिथली माणसं गाडी सावकाश चालवतात, बोलतात सावकाश. गाणं घाईत वाजवलं तर अंगावरून निघून जातं. हळू वाजवलं की आत बसतं.

"बैठो," तुम्ही त्याला म्हणालात. स्टूल दिलंत. डेक उलटा केलात आणि पेचकस घातलात, या वेळी उलट्या बाजूला. मूळ वेग किती होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मोजायला काहीच नव्हतं, फक्त त्याचा कान होता. तो डोळे मिटून बसला आणि तुम्ही एक एक केस पेच फिरवायला लागलात. "स्लोअर," तो म्हणायचा. "लिट्ल मोर." बाहेर सूकच्या बाजारात गाड्यांचे हॉर्न, आत इस्माईलभाई घाम पुसतायत. "लिट्ल मोर." आणि मग त्याच्या मित्राने त्याचं नाव घेतलं. मार्कसने हात वर केला, "धेअर. दॅट्स हिम." त्याचे डोळे मिटलेलेच होते. तुम्ही पेचकस तसाच धरून बसलात, हलायला घाबरत होतात.

त्या दिवशी तो चहा पिऊन गेला आणि जाताना आपल्याला कामाला लावून गेला. मला वाटतं त्याला ते कळलंही नसेल.

चहा पिता पिता तो सांगत होता. ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, सगळी दक्षिणेकडची गावं. तिथली पोरं गाणी करायची आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपन्या त्यांचा फोन उचलायच्या नाहीत. यांची भाषा गावंढळ, यांचा ताल जड. मग पोरांनी स्वतःच कंपन्या काढल्या. कंपनी म्हणजे काय, तर एक खोली आणि एक गाडी. कॅसेटी गाडीच्या डिकीत भरायच्या आणि केस कापायच्या दुकानाबाहेर, गाडी धुतात तिथे, पार्किंगमध्ये डिकी उघडून उभं राहायचं. कव्हरवर स्वतःचा फोन नंबर. ज्या कंपन्या फोन उचलत नव्हत्या त्याच आता दारात येऊन उभ्या राहतात, म्हणाला. का? कारण मास्टर पोरांकडेच आहे. कॉपी हजार द्या, मास्टर देऊ नका.

घरी येताना गाडीत तुम्ही अल कुसैसचा सिग्नल आल्यावर म्हणालात, "इस्माईल, आपल्या गाडीची डिकी केवढी आहे?"

"बघ, आता ही भाजी विकणार."

"भाजी नाही. वैजूला विकणार."

मी मागच्या सीटवर होते. मी दाराचं हँडल धरलं.

तुम्हाला माझं गुणगुणणं माहीत होतं. रीळ गुंडाळताना मी आत्याचे धवळे गुणगुणायचे. माझी आत्या धवलारीण, आमच्या आगऱ्यांच्या लग्नांत धवळे गाणारी. हळदीला, तेलवणाला, पाठवणीला तिच्याशिवाय पान हलायचं नाही. तिचे डोळे अधू झाले तेव्हा तिला हात धरून न्यायला आणि मागून सूर धरायला मी. लग्नसराई आणि परीक्षा नेहमी एकत्र यायच्या. नववीत लग्नसराई जिंकली. पण आत्याचा नियम कडक होता. नवरीला हळद लागल्याशिवाय धवळ्याचे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, तो काही टाइमपास नव्हे. म्हणून मी नुसती चाल गुणगुणायचे. एवढी वर्षं शब्द आत कोंडलेले, कारण इथे आपल्याकडच्या हळदी कॅसेटवर व्हायच्या. मुंबईहून आणलेली कॅसेट, धडाधड वाजणारा कीबोर्ड.

"मग नवरी शोधू," तुम्ही म्हणालात. जशी काय पेन्सिल शोधायची.

आणि शोधलीत. रोह्याकडच्या पाटील काकूंची मुलगी. लग्न तिकडे, पण हळद इथे, आपल्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. मे महिना. तुम्ही आल्या आल्या एसी बंद केलात, घरघर नको म्हणून. मग फ्रिजचा प्लग काढलात. मग पंखा. पाटील काका म्हणाले, "बहिणी, नवरी शिजेल हो!" तुम्ही म्हणालात, "हळद लावलीच आहे, मीठ टाका." घामाने सगळ्या बायका पिवळ्या झाल्या होत्या. माइक पळीला बांधलेला, पळी खुर्चीला बांधलेली, डेकपाशी जमिनीवर मांडी घालून तुम्ही.

पहिली ओळ मी अर्धीच म्हटली आणि थांबले. तुम्ही डेकवरून हात उचललात आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर ठेवलात. तसाच ठेवलात. मग मी गायले.

मधल्या एका धवळ्यात शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरची शिट्टी आहे. मला रडू आलं, म्हटलं सगळं वाया गेलं. तुम्ही म्हणालात, "लग्नघर आहे, कुकर होणारच. शिट्टी पण बराबर वेळेवर आली." आणि ती तशीच राहिली. आता गावाकडे लहान मुलं त्या जागी तोंडाने शिट्टी मारतात, आत्याची सून फोनवर सांगत होती.

कंपनीचं नाव डिकी. इस्माईलभाईंनी चेष्टेत ठेवलं, तुम्ही कव्हरवर छापलंत. खाली तुमच्या घरचा फोन नंबर. माझा फोटो नको म्हटलं तर हळदीच्या हातांचा काढलात. पहिल्यांदा डिकी उघडली ती ममझर पार्कच्या पार्किंगमध्ये, आपल्या लोकांच्या पिकनिकला. मी गाडीतून उतरले नाही. बलदियाचे, म्हणजे म्युनिसिपालटीचे, लोक येतील, दंड होईल, नरेशचा व्हिसा जाईल, माझ्या डोक्यात हे एकामागून एक. तुम्ही खिडकीत वाकून म्हणालात, "पावती इस्माईलच्या दुकानाची, लायसन इस्माईलचं. हबीबी, तू फक्त भिऊन घे, विकायचं आम्ही बघतो." एक रायगडकडच्या मावशी कॅसेट घेऊन गाडीत लावून परत आल्या, पदर डोळ्यांना. "हिला बघू दे," म्हणाल्या. मी काच खाली केली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. त्या रात्री मला भीतीशिवाय झोप लागली.

मार्कस दर फेरीला यायचा. येताना खोकं भरून त्याच्या गावाकडच्या कॅसेटी आणायचा, त्या पोरांकडून विकत घेतलेल्या, आणि इस्माईलभाईंना बजावायचा की यांची कॉपी काढायची नाही, या अशाच विकायच्या. देऱ्यात तेव्हा कोण असं करत होतं? सगळा बाजारच कॉपीवर. इस्माईलभाई कुरकुरले, पण तुम्ही ऐकलंत. अल ऐनहून एक अरब मुलगा नुसता त्या खोक्यासाठी गाडी हाकत यायचा. त्याच्या गाडीचा ढोल लागला की दुकानाची काच थरथरायची. तो एकदा मार्कसला म्हणाला, "खलास, ब्रदर, धिस इज डेझर्ट म्युझिक." मार्कस तुमच्याकडे बघून हसला. तुम्ही आपली डिकीतली कॅसेट त्या मुलाला दिलीत, "ही पण हळू आहे, तुला आवडेल." दोन आठवड्यांनी त्याने आईसाठी आणखी एक नेली. शब्द एक कळत नव्हता त्यांना.

तरी शेठ पहिल्यांदा आले तेव्हा आपलं बिनसलंच.

ते म्हणाले, मास्टर द्या, सगळे हक्क द्या, एकरकमी घ्या. चाल ठेवू, पण हे फार संथ आहे. वेग वाढवू, कीबोर्ड टाकू, मुंबईची मुलगी गाईल, शिट्टी काढून टाकू. नरेशची नोकरी तेव्हा हलत होती. गावच्या घरावर पत्रे होते. मला हो म्हणायचं होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघता शेठना नाही म्हणालात.

जिन्यात मी तुम्हाला म्हटलं, "आपा, तुमचं पोट भरलेलं आहे, म्हणून तुम्हाला मास्टर दिसते. मला पत्रे दिसतात."

तुम्ही म्हणालात, "मी एकदा एका हळू गाण्याला दुरुस्त केलंय, वैजू. तो माणूस स्टुलावर कसा बसला होता बघितलंस ना? पुन्हा ते पाप नको. हे बिघडलेलं नाहीये."

मी दार लावून घेतलं. मग किती दिवस आपण दोघी जिन्यात एकमेकींना वाट देऊन जात राहिलो. रमझान आला. इफ्तारच्या वेळी इस्माईलभाईंच्या हाती वाटी आली, सांदण आणि नारळाचं दूध. वाटी परत देताना मी त्यात माझे घावणे ठेवले. बोलणं सुरू झालं, भांडण मात्र तिथेच राहिलं. आपण दोघींनी ते कधी उघडलं नाही.

आज उघडते. आपा, तुमचं पूर्ण बरोबर होतं असं मला अजून वाटत नाही. आपण काही श्रीमंत झालो नाही. पत्रे अजून आहेत, मागच्या पावसात एक उडाला. मार्कसच्या गावच्या पोरांच्या दारात कंपन्या आल्या, आपल्या दारात शेठच आले, आणि आता तर कॅसेटच कोण घेत नाही. हे सगळं तुम्हाला हॉस्पिटलमध्ये सांगावं म्हणून आले होते, आणि याच्या पुढचंही. पण तुमच्या हाताला सुई, पायांना सूज. मी विचारलं, "खिचडी आणू?" तुम्ही म्हणालात, "मऊ आण." एवढंच बोललो.

पुढचं हे होतं. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा माझ्या आवाजाची किंमत माझ्यापेक्षा जास्त केली. मला त्याचा राग आला होता. एवढी किंमत असेल तर मग मी घाबरून कशी राहणार होते?

परवा इस्माईलभाई डबा ठेवून गेले नाहीत, थांबले. म्हणाले, "एकदा लावू या? तिचा डेक गाडीत आहे." मला शेठना उत्तर द्यायचं होतं, म्हटलं निदान काय देतोय ते ऐकू तरी. डेक आणला. तांदूळ परातीत काढला, फडकं सोडलं, कॅसेट घातली.

माझा आवाज बारीक आला, घाईतला, एखाद्या पोरीचा. इस्माईलभाई म्हणाले, "मोटर पळतेय. कितीतरी दिवस बंद होता ना." मास्टर गेली की डेक गेला? श्रुती अभ्यास सोडून आली. "मम्मी, आय कॅन डू इट ऑन द कंप्युटर." मी म्हटलं, थांब.

तुमचा पेचकस डेकच्याच पिशवीत होता. मी डेक उलटा केला आणि भोक शोधलं. पेचकस दोनदा घसरला. आता मूळ वेग कुणाला माहीत? माझ्या आवाजावरून मला कळेना, स्वतःचा आवाज कुणाला नीट कळतो? धवळे एकामागून एक जात होते, कुकरची शिट्टी झाली, तीही किरटी. मी पेच फिरवत होते आणि इस्माईलभाई नुसतीच मान हलवत होते, नाही, नाही. कॅसेट संपत आली.

आणि शेवटच्या धवळ्यानंतर, बटण बंद होण्याआधी, तुम्ही आहात. हे मी विसरूनच गेले होते. कॉपी काढताना आपण ते कापलं होतं, फक्त मास्टरवर राहिलंय. "झालं गो? बंद करू?" घाईतला, पोरकट आवाज, तुमचा नव्हेच.

मी मागे घेतली, पुन्हा लावली. इस्माईलभाईंनी डोळे मिटले. "हळू," म्हणाले. मी एक केस पेच फिरवला. झालं गो, बंद करू. "अजून." पुन्हा मागे. "अजून थोडं." श्रुती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. "अजून." झालं गो? बंद करू?

इस्माईलभाईंनी हात वर केला. "बस. हीच."

मी पेचकस तसाच धरून बसले.

कॅसेट चालूच होती. आता बरोबर वेगाने, तुमच्या मागून लगेच माझा आवाज आला, आठ वर्षांपूर्वीचा, दमलेला आणि आनंदी, मला न ओळखू येणारा. "थांबा आपा, अजून एक आहे." आणि खट. फीत तिथेच संपली होती. पाठवणीचा धवळा त्या कॅसेटवर नाहीच. तो तुम्ही फक्त ऐकलात, एसी लावून, पन्हं पीत, आणि म्हणालात, "पुढच्या नवरीला घेऊ." पुढची नवरी गाठायला आपल्याला कसा कुणास ठाऊक वेळच झाला नाही.

इथपर्यंत लिहून कागद बाजूला ठेवला आणि शेठना मी गुरुवारची वाट न बघता फोन केला. तुमच्यासारखं ठणकावून नाही जमलं. म्हटलं, "शेठ, कॉपी जितनी चाहिए लीजिए, मास्टर नहीं." ते म्हणाले, "सोच लो, बहन, बाद में कौन पूछेगा?" मी म्हटलं, "सोच लिया." फोन ठेवल्यावर पाणी प्यायले, दोन ग्लास. घाबरले होतेच. पण नाही म्हणून मग घाबरले, आपा. आधी नाही.

श्रुतीने सगळं कंप्युटरवर घेतलंय. ऐकताना म्हणाली, "इट्स सो स्लो, मम्मी. बट नाइस स्लो." कव्हरवर हळदीचे हात तेच, नाव डिकीच. फोन नंबर माझा. तो दोनदा खोडला, पण लिहिला. इस्माईलभाईंनी गाडीची डिकी झाडून घेतली आहे. मार्कसचं काय झालं ते माहीत नाही, त्याची रिग बदलली. पण दुकानात त्या अल ऐनच्या मुलाचा निरोप आला होता, आईला सीडी हवी आहे, इन्शाल्ला या महिन्यात येतो.

आणि या शुक्रवारी शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळद आहे. अलिबागकडची नवरी, तिच्या आईला मी स्वतः जाऊन विचारलं, माझी मीच, बेल वाजवून. त्या म्हणाल्या, "अहो, एसी बंद? या उन्हाळ्यात?" मी म्हटलं, "हळद लावलीच आहे, मीठ टाका." त्या हसल्या. तुमचा डेक नेणार आहे, तुमचीच पळी. इस्माईलभाई दाराबाहेर बसणार आहेत, त्यांनी कबूल केलंय की मध्ये खोकणार नाहीत. शेजारी कुकर लागला तर लागू दे.

तुम्ही विचारलं होतंत, बंद करू का? नका करू, आपा. एक राहिलाय.